यंत्र निर्दोष, घर तापलेले

कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. २०१३ साली नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाल्यापासून हा रस्ता मराठी माणसाच्याही पायाखालचा झाला आहे. मे महिन्याच्या दुपारी येथील उंच इमारतींच्या मागील बाजूने चालत गेल्यास वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे डबे ओळीने टांगलेले दिसतात. आतल्यांची उष्णता ते बाहेर टाकतात. ती झेलतो तो दाराशी उभा असलेला रखवालदार.

एवढे करूनही आतले समाधानी असतातच असे नाही. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तापमान नोंदले गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १९ जून रोजी, दिल्लीची विजेची कमाल मागणी ८,६५६ मेगावॉटवर पोहोचली. त्या दिवसांत घरोघरी ऐकू येणारी तक्रार एकच होती : एसी अखंड चालू आहे, पण घर थंड होत नाही.

अशा वेळी बहुतेक कुटुंबे एका ठरावीक क्रमाने जातात. आधी मेकॅनिक येतो, जाळी धुतो, गॅस भरतो. त्याने भागले नाही की दीड टनाच्या जागी दोन टनाचे यंत्र येते आणि त्याचा हप्ता सुरू होतो. घराकडे कोणी पाहत नाही. हा क्रमच उलटा आहे.

यंत्र नादुरुस्त आहे की नाही, हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. घरातला साधा तापमापक प्रथम यंत्राच्या हवा ओढून घेणाऱ्या बाजूस आणि मग थंड झोत सोडणाऱ्या तोंडाशी काही मिनिटे धरावा. दोहोंत आठ-दहा अंशांचे अंतर असेल, तर यंत्र आपले काम चोख करीत आहे. अंतर फारच कमी असेल, तर जाळी, गॅस किंवा कमी दाबाची वीज यांच्याकडे वळावे. एक दोष मात्र मेकॅनिकच्याही नजरेतून सुटतो. बाल्कनी काचेने बंद करून घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे आणि बाहेरचा डबा पुष्कळदा त्याच बंद बाल्कनीत राहतो. तेथे तो स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतो. त्याला गॅस कितीही भरला तरी व्यर्थ.

‘टन’ या शब्दानेही गैरसमज होतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढून टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. सुमारे साडेतीन किलोवॉट. ही क्षमता मोजताना बाहेरचे तापमान ३५ अंश धरलेले असते. बाहेर ४५ झाले की तेच यंत्र अधिक वीज खाते आणि कमी उष्णता उपसते. तापलेल्या खोलीत रिमोटवर १८ चा आकडा लावल्याने गारवा लवकर येत नाही. कंप्रेसरची विश्रांती तेवढी हिरावली जाते. २०२० पासून खोलीच्या एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले, ते उगाच नव्हे.

यंत्र निर्दोष ठरले, की घराची चौकशी सुरू करावी. त्यासाठी घड्याळ पुरते. दुपारी चार ते सहा हा काळ असह्य होत असेल, तर दोष पश्चिमेच्या खिडकीचा. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आतून लावलेला जाड पडदा येथे अर्धेच काम करतो, कारण ऊन तोवर घरात शिरलेले असते. ते काचेबाहेरच अडवायला हवे : छज्जा, बांबूची चीक, वाळ्याचा पडदा, नाहीतर एखादा वेल. उलट, रात्री नऊनंतर घर अधिक तापत असेल, तर छताला हात लावून पाहावा. काँक्रीटची स्लॅब दिवसभर ऊन साठवते आणि काही तासांच्या विलंबाने खाली सोडते. वरच्या मजल्यावरील वृद्ध माणसाची झोप उडते, ती या विलंबापायी. दुपारचा उन्हाळा कसातरी निभतो; रात्रीही अंग निवले नाही, तर ते प्रकृतीवर बेतते.

हे ज्ञान नवे नाही. नवी दिल्ली वसली तेव्हाच्या बंगल्यांना जाड भिंती, उंच छत, खोल व्हरांडे आणि वरच्या बाजूस झरोके होते. चार्ल्स कोरिया यांचे ब्रिटिश कौन्सिल याच कस्तुरबा गांधी मार्गावर १९९२ मध्ये उभे राहिले. तिच्या दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या कडप्पा आणि पांढऱ्या मकराना दगडात वटवृक्षाची छाया पसरली आहे. गोमंतकीय घराण्यातील कोरिया यांनी हवामानाला घराच्या रचनेचा पाया मानले. मुंबईच्या ‘कांचनजंगा’ इमारतीत समुद्राचे दृश्य पश्चिमेस, आणि कडक ऊन व पावसाचा माराही पश्चिमेचाच. त्यांनी तेथे काचेचा पडदा उभारला नाही. दोन मजली उंचीचे बगीचे मध्ये घालून ऊन दाराबाहेरच थोपवले. ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतरच्या काळात शहरोशहरी काचेच्या भिंतींची हौस वाढली, ही खेदाची गोष्ट.

सदनिका घेताना खरेदीदार संगमरवर पाहतो, मॉड्युलर स्वयंपाकघर पाहतो, वाहनतळाची जागा मोजतो. शयनगृहावर दुपारी तीननंतर ऊन येते का आणि डोक्यावर दुसरे घर आहे की उघडी गच्ची, हे विचारणारा विरळा. कर्ज देणाराही मालकीहक्काची कागदपत्रे, मंजूर नकाशा, मूल्यांकन हे सारे काटेकोरपणे तपासतो. पण वीस वर्षे हप्ता भरणाऱ्याला त्या छताखाली झोप लागेल का, हा रकाना अर्जात नसतो. तो असावा. घराच्या दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या कर्जातून दुसरा एसी घेण्यास उत्सुक असलेल्या ग्राहकाला शाखेतील अधिकाऱ्याने आधी गच्चीविषयी विचारले, तर त्यात बँकेचे नुकसान काहीच नाही. थोडे कर्ज कमी जाईल, एवढेच.

गच्चीवरचा उपाय तर सर्वांत स्वस्त. चुन्याचा हात, पांढरा परावर्तक रंग, किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचा चायना मोझॅक. यांपैकी काहीही केले तरी खालच्या खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. २०१० च्या उष्णतेच्या लाटेने होरपळलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग दिला. तेलंगणने २०२३ मध्ये शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

अडचण येते ती माणसांची. गच्ची साऱ्या सोसायटीची. तापणे मात्र वरच्या मजल्याच्या वाट्याला. सभेत रंगाच्या खर्चाचा विषय निघाला, की तळमजल्यावरचे सदस्य घड्याळाकडे पाहू लागतात. त्यांना एक हिशेब दाखवता येईल. वरच्या चार घरांचे एसी रात्रभर न थांबता चालले, तर त्यांच्या बाहेरच्या डब्यांची ऊब खालच्यांच्याच खिडक्यांशी येते. हा विषय मे महिन्यात काढून उपयोग नाही. तो फेब्रुवारीच्या सभेतच पटलावर यावा, म्हणजे मार्च संपण्यापूर्वी गच्ची धुऊन, भेगा बुजवून, दोन हात देऊन होतील.