गुन्हे लिहून घेणारे देश

स्वीडनची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात. तिथे हल्ली दरवर्षी बलात्काराचे नऊ हजारांच्या आसपास गुन्हे दाखल होतात. आपल्याकडे २०२२ साली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालाप्रमाणे, ३१,५१६ दाखल झाले. लोकसंख्या धरली एकशे अडतीस कोटी. लाखामागे किती, असा भागाकार केला तर स्वीडन भारताच्या पस्तीस-चाळीस पट निघतो. म्हणजे एकट्या बाईने रात्री अकराला स्टॉकहोमच्या रस्त्याने जाण्यापेक्षा आपल्याकडच्या एखाद्या सुनसान एसटी स्टँडवर बसून राहावे, ते बरे! गणितात काही चूक नाही, तरी या उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही. बसू नयेच. मग हाच भागाकार आपल्या सोयीचा निघतो तेव्हा तो आपण निमूट का मान्य करतो?

‘जगातले सर्वांत धोकादायक देश’ अशी यादी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येते. अशा बऱ्याच याद्यांचे मूळ ‘नंबेओ’ नावाच्या संकेतस्थळावर असते. तिथे भेट देणारे लोक आपल्याला किती भीती वाटते याची प्रश्नावली भरतात आणि त्यावरून निर्देशांक बनतो. भीती मोजण्यातही काही वावगे नाही, फक्त तिला गुन्हेगारी म्हणू नये. तेव्हा त्या याद्या बाजूला ठेवू. सरकारी आकड्यांची गोष्ट जास्त रंजक आहे.

स्वीडनचा आकडा का फुगतो ते पाहा. नवऱ्याने वर्षभर दर आठवड्याला बळजबरी केली आणि वर्षाअखेरीस बायको तक्रार घेऊन गेली, तर तिथे पन्नासच्या वर गुन्हे लिहिले जातात, प्रत्येक वेळेचा वेगळा. आपल्याकडे तिची फिर्याद बलात्कार म्हणून एकदाही लिहिली जाणार नाही. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतूनच वगळतो. स्वीडनने हा अपवाद १९६५ मध्येच मोडीत काढला. २००५ मध्ये तिथली व्याख्या आणखी रुंदावली. झोपेत किंवा नशेत असलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणेही बलात्कारात धरले जाऊ लागले. २०१८ पासून तर संमती नव्हती एवढे पुरते, जबरदस्ती सिद्ध करावी लागत नाही. शिवाय तक्रार आली की तिथे मोजणी झाली. पुढे तपासात काही हाती लागले नाही तरी तो आकडा मागे घेत नाहीत.

आपली मोजणी याच्या नेमकी उलट. एका फिर्यादीत दहा कलमे लागली तरी एनसीआरबी त्यातले सर्वांत गंभीर तेवढे मोजते. बलात्कार करून खून केला तर ती घटना बलात्काराच्या रकान्यात दिसतच नाही. अमेरिकेतही एफबीआयने १९३० पासून नव्वद वर्षे साधारण असाच नियम चालवला. २०२१ मध्ये नवी पद्धत सक्तीची झाली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडून त्या पद्धतीने आकडेच आले नाहीत आणि महासत्तेचा त्या वर्षीचा गुन्हे अहवाल भोके पडलेला निघाला.

व्याख्येचा आणि मोजणीचा भाग फार तर तज्ज्ञांचा. त्याच्या आधी एक पायरी आहे आणि ती ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर असते. तिथे काय होते ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. ‘ही आमची हद्द नाही.’ ‘अर्ज देऊन जा, साहेब आले की बघू.’ ‘घरचा मामला आहे, समज देतो त्याला.’ मारहाणीत डोके फुटून माणूस आला तर पहिला प्रश्न असतो तो एनसी की एफआयआर हा. जुन्या दंड संहितेत साधी दुखापत कलम ३२३ खाली अदखलपात्र. हत्यार वापरले असेल तर ३२४ लागून दखलपात्र. काठी होती की नुसता हात, एवढ्या एका वाक्यावर ती घटना देशाच्या आकडेवारीत शिरणार की स्टेशन डायरीत विरून जाणार हे ठरते. संहिता बदलली, कलमांचे क्रमांक बदलले, टेबल तेच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. असा निकाल द्यावा लागला यातच सगळे आले. आदल्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, दिल्लीतली सामूहिक बलात्काराची ती घटना घडली होती. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते, २०१३ मध्ये ३३,७०७. बारा महिन्यांत भारतातले पुरुष एक तृतीयांशाने जास्त क्रूर झाले, असे कुणी म्हणेल का? कायद्याची व्याख्या रुंदावली, बायका बोलू लागल्या, तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली. तो वाढलेला आकडा ही त्या वर्षातली बहुधा सर्वांत चांगली बातमी होती आणि आपण ती सुतकी चेहऱ्याने वाचली.

केरळचेही असेच. गुन्हेदराच्या तक्त्यात हे राज्य वर्षानुवर्षे वरच्या ओळींत असते, पण म्हणून कुणी कोचीहून पाटण्याला सुरक्षिततेसाठी राहायला गेल्याचे ऐकिवात नाही. आणि नागपूरला दरवर्षी खुनांची राजधानी ठरवणाऱ्यांसाठी एक तळटीप: महानगरांचे दर काढताना एनसीआरबी अजून २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या छेदात घालते. शहर वाढले, वर गुन्हे आजचे, खाली माणसे तेव्हाची. नागपूर निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरात माणसे जास्त वेगाने आली, त्याच्यावर हा छेद जास्त अन्याय करतो.

हे फक्त आपल्याकडे होते असे मानून उसासा टाकायचेही कारण नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली लंडन पोलिसांतल्या एका कॉन्स्टेबलने संसदेच्या समितीपुढे येऊन, गुन्हे कमी दाखवण्यासाठी नोंदी कशा सौम्य करतात ते सांगितले. दोनच महिन्यांत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा काढून घेतला. २०१४ च्या तपासणीत निघाले की पोलिसांपर्यंत आलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास एकोणीस टक्के नोंदलेच गेले नव्हते. हिंसक गुन्ह्यांत हे प्रमाण तेहतीस टक्के. त्यानंतर पोलीस काटेकोर झाले आणि नोंदलेली हिंसा वर्षामागून वर्ष वाढत गेली. मात्र १९८२ पासून घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर हल्ला झाला का’ असे विचारणारे जे सर्वेक्षण तिथे चालते, त्यात हिंसा घटताना दिसत होती. ब्रिटनला निदान दोन घड्याळे जुळवून पाहता येतात. आपल्याकडे एकच, तेही ज्याच्या कामाचे मोजमाप व्हायचे त्याच्याच मनगटावर.

अगदीच काही नाही असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांच्यातल्या सत्याहत्तर टक्क्यांनी कुणाची मदत मागितली नव्हती की कुणाजवळ वाच्यता केली नव्हती. पोलीस सोडा, आईलाही नाही.

देशांची तुलना करणारे अभ्यासक म्हणूनच शेवटी मृतदेहापाशी येऊन थांबतात. चोरी, मारहाण, विनयभंग यांचे अर्थ सीमा ओलांडली की बदलतात. मेलेला माणूस सगळीकडे मेलेलाच असतो आणि त्याची नोंद पोलिसांखेरीज आरोग्य खातेही करते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाचा अंदाज असा की २०२१ मध्ये जगभर सुमारे ४ लाख ५८ हजार माणसांचा खून झाला, लाखामागे ५.८. उत्तर-दक्षिण अमेरिका मिळून लाखामागे पंधरा, युरोप २.२. आपल्याकडे २०२२ मध्ये खुनाचे २८,५२२ गुन्हे, म्हणजे लाखामागे दोनच्या किंचित वर.

पण मृतदेहसुद्धा कुठल्या रकान्यात टाकायचा हे माणूसच ठरवतो. आपल्या त्या आकड्यात हुंडाबळी नाहीत. त्यांचा रकाना वेगळा आणि त्या वर्षी त्यात सहा हजारांवर मृत्यू होते. ते मिळवले तर दर अडीचवर जातो. जर्मनीच्या पोलिसांच्या ‘खून आणि मनुष्यवध’ या शीर्षकात प्रयत्नही धरतात, त्यामुळे तिथला मोठा आकडा पाहून दचकणाऱ्याने त्यातली बरीच माणसे जिवंत आहेत हे ध्यानात घ्यावे. जपानही प्रयत्न धरतो, तरी त्याचा दर नगण्य. पण तिथे संशयास्पद मृत्यूंत शवविच्छेदन फार कमी होते. २००७ मध्ये सतरा वर्षांचा एक शिकाऊ सुमो मल्ल मेला, पोलिसांनी हृदयविकार म्हणून मोकळे केले. घरच्यांनी अंगावरचे वळ पाहून शवविच्छेदनाचा आग्रह धरला तेव्हा मारहाण उघड झाली. इंग्लंडच्या २००२-०३ च्या खुनांत अचानक उंचवटा दिसतो, तो हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरने अनेक वर्षांत मारलेल्या १७२ रुग्णांचा. उघडकीस आले त्या वर्षी सगळे एकदम मोजले. आणि ११ सप्टेंबर २००१ चे बळी एफबीआयने त्या वर्षीच्या खुनांत धरलेच नाहीत. इतके वेगळे प्रकरण नेहमीच्या ओळीत घातले तर ओळीला अर्थ उरत नाही, अशी त्यामागची भूमिका. मला ती पटते, पण ती भूमिका आहे हे विसरू नये.

या सगळ्या चाळणीतून जे उरते ते खरे अंतर, आणि ते प्रचंड आहे. ते का असते?

सोपी उत्तरे फारशी टिकत नाहीत. गरिबी म्हणावी तर भारत लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांपेक्षा गरीब आणि खूनदर त्यांच्या तुलनेत कितीतरी कमी. माणसांचा स्वभाव किंवा संस्कृती म्हणावी तर इक्वेडोरकडे पाहावे. २०१९ मध्ये तिथे लाखामागे सातच्या आसपास खून होते. २०२३ मध्ये चाळीसच्या वर. चार वर्षांत लोक बदलले नाहीत, धर्म बदलला नाही, विषमताही तीच. बदलला तो कोकेनचा रस्ता. कोलंबिया आणि पेरू या दोन उत्पादकांच्या मधे सापडलेला हा देश, चलन अमेरिकी डॉलर, आणि ग्वायाकिल बंदरातून केळ्यांचे कंटेनर जगभर जातात. त्या कंटेनरांवर कुणाचा ताबा, यावरून टोळ्या भिडल्या; तुरुंगांतूनच युद्ध चालवले गेले.

दुसरे कारण हत्यार. झिमरिंग आणि हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९७ च्या पुस्तकात न्यूयॉर्क आणि लंडन शेजारी ठेवले. त्या दशकाच्या सुरुवातीला चोऱ्या आणि घरफोड्या लंडनमध्ये जास्त होत्या. पण चोरी-लुटीच्या प्रसंगी जीव जाण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये पन्नास पटींहून अधिक. चोर दोन्हीकडे होते, एका ठिकाणी त्यांच्या खिशात पिस्तूल होते. याला एक पुरवणी रुग्णवाहिकेची: २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा दावा होता की १९६० नंतर आघातोपचार सुधारले नसते, तर तिथले खून कित्येक पट दिसले असते. शल्यविशारदाने वाचवलेला माणूस खुनाच्या आकड्यातून निसटतो, त्याला भोसकणारा हात तसाच राहतो.

आणि मग राज्यसत्ता. एल साल्वादोरमध्ये २०१५ साली लाखामागे शंभराहून जास्त खून झाले. २०२४ मध्ये सरकारी हिशेबाने दर दोनच्या खाली, वर्षभरात ११४. घसरण खरी आहे, शंकाच नको. पण २०२१ पर्यंतच दर अठराच्या आसपास उतरला होता, मार्च २०२२ मधली आणीबाणी आणि ऐंशी हजारांवर माणसांची धरपकड त्यानंतरची. शिवाय पोलिसांच्या गोळीने मेलेले टोळीवाले त्या हिशेबात नाहीत. एन्काउंटरचे मृत खुनाच्या रकान्यात का नसतात हे मुंबईकराला समजावून सांगावे लागणार नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या नमुन्यावर आपल्याकडे भाळणाऱ्यांनी निदान एवढे विचारावे, की मोजणारा आणि मारणारा एकच असेल तर तिसरा कुणी पडताळणारा आहे का.

माझे म्हणणे असे की पोलीस ठाण्याची कामगिरी दाखल गुन्ह्यांच्या कमी-जास्तीवर जोखणे बंद व्हावे. मासिक क्राइम मीटिंगमध्ये ‘तुमच्याकडे गुन्हे का वाढले’ असे विचारले गेले, की पुढच्या महिन्यात ते वाढत नाहीत. याला उपाय वेल्समधल्या कार्डिफ शहरात सापडला. जबड्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या जोनाथन शेपर्ड या डॉक्टरच्या लक्षात आले की मारामारीत जखमी होऊन आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पोलिसांकडे पत्ताच नसतो. रुग्णालयाने नावे वगळून फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढी माहिती द्यायला सुरुवात केली. पोलिसांनी गस्त त्याप्रमाणे वळवली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुलनेच्या शहरांपेक्षा तिथे हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे बेचाळीस टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्याकडे तर निम्मी तयारी आधीच आहे. सरकारी रुग्णालयांत एमएलसीचे, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणांचे, रजिस्टर असते, मोठ्या रुग्णालयांत पोलीस चौकीही असते. त्या रजिस्टरात महिन्याभरात मारहाणीच्या किती नोंदी झाल्या आणि त्याच हद्दीत दुखापतीचे किती गुन्हे दाखल झाले, हे दोन आकडे शेजारी छापायला नवा कायदा लागत नाही. एखाद्या आयुक्तालयाने हे मनावर घेतले तर पहिल्या वर्षी शहराचा गुन्हेदर चढेल, ठळक बातम्या होतील, विधानसभेत लक्षवेधी लागेल. त्या आयुक्तांची मुदतीआधी बदली होणार नाही, एवढे गृहखात्याने आधी लेखी द्यावे.