घरची बाग : वेल वांझ नव्हती

पहिला पाऊस पडला की गच्चीतल्या कुंड्या पाहून हात शिवशिवू लागतात ना? गेल्या जूनमध्ये मीही फुटक्या टबात शेणखत घालून दुधीच्या बिया टोचल्या. वेल सुतळीवरून सरसर चढली, पांढऱ्या फुलांनी भरून गेली. पण दुधी काही धरेना. बोटाएवढा दिसायचा आणि चार दिवसांत पिवळा पडून गळायचा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ''वांझ आहे गं, उपटून टाक.'' माझी धाकटी जाऊ तिथेच कपडे वाळत घालत होती. तिच्या लग्नाला सात वर्षं झालीत. ती काही बोलली नाही. बादली तिथेच ठेवून आत निघून गेली. वेल उपटायची नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

दुधीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. आधी बहुधा नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलामागे चिमुकला दुधी असतो. नर फुलाला नुसता लांब देठ. पराग पोचला नाही, तर तो चिमुकला दुधी गळतो. उंचावरच्या गच्चीत कीटक कमीच फिरकतात. मग हे काम आपणच करायचं.

मी सकाळी करून पाहिलं, फुकट गेलं. लाल भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात, दुधीची मात्र संध्याकाळी! हे जावेच्याच लक्षात आलं. मग दिवेलागणीला तीच गच्चीत जाऊ लागली. ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. एक नर फूल दोन-तीन फुलांना पुरतं. शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

(मेमध्ये पेरलेली कोथिंबीर मात्र उन्हानं गेली. ती आता थंडीत, धणे रगडून, दोन फाकी करून पेरीन.)

पंधराएक दिवसांत तीन दुधी हाताशी आले. चिरताना देठाकडचा तुकडा चाखून पाहा. कडू लागला तर सरळ फेकून द्या. भाजी नको, रस तर मुळीच नको. तो कडूपणा विषारी असतो, शिजवूनही जात नाही. आमचे गोड निघाले.

काकूंना द्यायचा का, यावर माझं नि जावेचं जुंपलं. शेवटी अर्धा कापून तीच देऊन आली.