माहितीपटांचे प्रेक्षक कोण?

हिंगोलीच्या दसरा महोत्सवाला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा तर त्याहूनही पुरातन. महाराष्ट्रातील अशा जत्रांतून एके काळी तंबूतला सिनेमा हे मोठे आकर्षण असे. त्या फिरत्या चित्रपटगृहांचा अस्तकाळ शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी कित्येक वर्षे त्यांच्यामागे हिंडून टिपला. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा त्यांचा माहितीपट २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखवला गेला व गौरवला गेला. जुनी मालमोटार, कुरकुरणारी यंत्रे, नव्या डिजिटल तंत्रापुढे हतबल झालेले तंबूमालक आणि उभा जन्म प्रक्षेपणयंत्रे दुरुस्त करण्यात घालवलेला एक कारागीर त्यात भेटतात. तंत्रबदलातून उद्भवणाऱ्या बेकारीवर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात एखादा परिच्छेद असतो आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात. या कारागिराचे हात एकदा पाहिले, म्हणजे त्या परिच्छेदाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

परंतु ज्या जत्रांत हे चित्रण झाले, तेथील किती लोकांनी हा चित्रपट पाहिला असेल? आपल्याकडील माहितीपटांचे खरे दुखणे हेच आहे. ज्यांचे जिणे पडद्यावर येते, ते प्रेक्षागृहात नसतात.

वस्तुतः या कलेचा उगम मराठी माणसाच्या अगदी निकटचा. ‘सावेदादा’ म्हणजेच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा कथाचित्रांचा जन्मही व्हायचा होता. पुढे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि मुख्य चित्रपटापूर्वी सरकारी अनुबोधपट दाखवण्याची सक्ती आली. ही सक्ती फारशी फळली नाही, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्या वेळात चहा उरकून घेण्याची सवयच प्रेक्षकांना जडली. उपदेशाचे कडू औषध कोण आवडीने घेणार! तथापि त्याच सरकारी खात्यातून एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) बाहेर पडला, हेही विसरता येत नाही. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली वीस वर्षांची मुले-मुली त्यात देशाविषयी आणि स्वतःविषयी निर्भीडपणे बोलतात. आजच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा आणि आपले उत्तर काय असते, याचा विचार करावा. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा संग्रह जनतेच्या पैशातून उभा राहिलेला आहे. त्यावर जिल्ह्याच्या गावांचाही हक्क आहे.

हिंगोली जिल्ह्याने अगत्याने पाहावा असा दुसरा माहितीपट म्हणजे दीपा भाटिया यांचा ‘नीरोज् गेस्ट्स’ (२००९). पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. ज्या विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा माग पत्रकार पी. साईनाथ यात घेतात, तो हिंगोलीकरांना परका नाही. कापूस, कर्ज आणि कोरडवाहू शेती यांचे नाते नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच. मुंबईतील फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनासाठी पाचशेहून अधिक पत्रकार जमतात आणि त्याच सुमारास विदर्भात मोजकेच फिरकतात, ही साईनाथ यांची तुलना झोंबणारी आहे. त्याहून झोंबतो तो शीर्षकातला प्रश्न. सम्राट नीरोने आपल्या मेजवानीत उजेड पडावा म्हणून कैदी जाळले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. नीरो क्रूर होता, हे जगजाहीर आहे. पण ते पाहत जेवणारे पाहुणे कोण होते? पगारदार वर्गाने, म्हणजे शिक्षकांनी, कारकुनांनी आणि प्राध्यापकांनीही, या प्रश्नापासून स्वतःला वगळू नये.

आकडे आवश्यक असतात, परंतु ते पुरत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली शासकीय पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. वृत्तपत्रांनी आकडा छापला, विधिमंडळात चर्चा झाली. आकड्याने लाज वाटते खरी, पण मनात ती फार दिवस टिकत नाही. कोयता हातात घेऊन पहाटेच्या थंडीत फडात उतरलेल्या एका बाईचा चेहरा मात्र वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

माहितीपट म्हणजे गरिबीचे परदेशी प्रदर्शन, असा आक्षेप घेतला जातो. काही निर्मात्यांच्या बाबतीत त्यात तथ्यही असेल. परंतु आनंद पटवर्धन यांचे उदाहरण त्याला उत्तर आहे. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या घटनांपासून निघालेला ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांच्या चित्रणातून सिद्ध झाला आणि महोत्सवांइतकाच तो दलित वस्त्यांतूनही दाखवला गेला. ज्यांच्या शाहिरीवर चित्रपट बेतला, तेच समोर बसून पाहत होते.

हल्ली हे सारे हातातल्या मोबाईलवर मिळू शकते, मग खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. एकट्याने, अर्धवट, मधूनच बोट फिरवून पाहणे वेगळे आणि चाळीस जणांनी अंधारात बसून एकच चेहरा पाहणे वेगळे. बहुतेक महाविद्यालयांत आता प्रक्षेपक असतो. तो स्नेहसंमेलनापलीकडे क्वचितच कामी येतो. निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक माहितीपट दाखवावा आणि नंतर तासभर बोलू द्यावे. त्यातही पहिले बोलणे विद्यार्थ्यांचे असावे, प्राचार्यांचे नव्हे. आणि एखादा प्रयोग गावातच, शाळेच्या भिंतीवर पांढरे कापड लावून, संध्याकाळी व्हावा. मात्र तो पावसाळा सरताच उरकावा लागेल, कारण एकदा ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या की गावात मागे उरतात ती बहुधा म्हातारी माणसे.