काडीपेटी आणि खर्रा

दिवाळीत शहापूरला जाऊन आलो तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आज शनिवार सापडला.

शहापूर म्हणजे आमचं, भंडारा जिल्ह्यातलं. (कसाऱ्याच्या अलीकडचं नव्हे, दरवेळी सांगावं लागतं!) शेजारी जवाहरनगर, तिथे आयुध निर्माणी. त्यामुळे एक नियम लहानपणापासून पाठ: दारूगोळ्याच्या कारखान्यात काडीपेटी, लायटर, बिडी-सिगारेट न्यायची नाही. त्यासाठी कुणी पोस्टर स्पर्धा घेत नाही, गेटवरच खिसे तपासतात. आणि स्फोट म्हणजे काय ते २४ जानेवारी २०२५ ला आठ जण गेले तेव्हा पुन्हा सगळ्यांनी पाहिलंच.

पण खर्ऱ्याला ना धूर, ना ठिणगी. शेजारच्या काकांनी बिडी सोडली ती अशीच, खर्रा धरून. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, की झाला खर्रा. आमच्याकडे त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. चहासारखा पुढे करतात.

काका आता रिटायर झालेत. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तर चकली चहात भिजवून खात होते. तोंड उघडत नाही. साधारण माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, काकांच्या दीड. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, आधी तिखट झोंबतं, मग जबडा आखडतो. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती असतेच. (डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. तंबाखू वेगळीच.)

आता खरं सांगतो. त्यांचा खर्रा आणायला मीच जायचो. “जाय बे, दोन खर्रे आन,” की पळालोच. उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी मला. आणि ३१ मेच्या निमित्ताने तंबाखूविरोधी शपथ घेणाराही मीच! शपथ देणाऱ्या सरांच्या गालात काय होतं ते सांगत नाही, शाळेचं नावही नको.

कायद्यांची कमी नाही हो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. राज्यात २०१२ ला गुटखाबंदी झाली, पुढे खर्राही त्यात आला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाच्या हातात तंबाखूचा पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘काकांसाठी नेतोय’ अशी सूट त्यात मला तरी दिसली नाही.

माझ्या धंद्यात सांगायचं तर, जनजागृती म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते कोणी वाचत नाही. गेटवरची झडती हे डिझाइन. मग शाळेच्या गेटवरही तेच करा ना, आणि झडती मास्तरांपासून सुरू करा. आणि घरात एकच नियम पाळा: पोराला ठेल्यावर पाठवायचं नाही. ज्याला खायचाय त्याने स्वतः उठून जावं.

निघायच्या दिवशी ठेल्यावर माझा पुतण्या दिसला, हातात पन्नी. ठेलेवाल्याला म्हटलं, पोरांना देऊ नका. तर म्हणाला, “मी नाही देलो तं पुढचा देईल. घरच्याइलेच सांगा ना भाऊ.”

घरच्यांना म्हणजे दादाला. अजून सांगितलेलं नाही. हे पोस्ट टाकून झालं की फोन लावतो.