‘आपण’ कोण आणि ‘आम्ही’ कोण?

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळांत वक्त्यांची वर्दळ वाढते. भाषणाची सुरुवात मराठीतल्या दोन वाक्यांनी होते. मग देवी अहिल्याबाईंना वंदन, मराठी माणसाच्या सचोटीची स्तुती आणि पुढचे सारे हिंदीत. याला आमची हरकत नाही. वक्तृत्वात अलंकार असायचेच. आचार्य अत्र्यांची ‘दहा हजार वर्षे’ ही अतिशयोक्तीच होती. पण ती अतिशयोक्ती आहे हे श्रोत्यांना ठाऊक असे आणि तिच्यामागे संयुक्त महाराष्ट्राची रोखठोक मागणी उभी असे.

अडचण येते ती मागणीच्या जागीच अलंकार येऊन बसला की. सुज्ञ वाचकांनी तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, उत्तर न मागणारा प्रश्न. “मराठी समाजाचे ऋण कोणी विसरू शकेल का?” सभा ‘नाही’ म्हणते, टाळ्या पडतात आणि वक्त्याने कबूल काहीच केलेले नसते.

दुसरी, कर्ता नसलेले वाक्य. “जागा दिली जाईल, निधी मंजूर केला जाईल.” कोण देणार? कोणत्या वर्षी? व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. सभेत मात्र पळवाट.

तिसरी खूण सर्वांत गोड. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद बुजतो. “हम करके दिखाएँगे” हे ऐकताना आपण नकळत त्या ‘हम’मध्ये जाऊन बसतो. निकालानंतर काम घेऊन दारी गेलो की कळते, तो ‘आम्ही’ होता, ‘आपण’ नव्हता.

घरात मराठी बोलणारी आपली नातवंडे आज मराठी वाचताना अडखळतात. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने व स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने तो आला. आमची सूचना साधी आहे. मंडळात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न पाहता, एवढेच विचारावे : यासाठी तुम्ही स्वतः काय कराल आणि केव्हापर्यंत? उत्तर तिथेच लिहून घ्यावे आणि मंडळाच्या फलकावर पाच वर्षे ठेवावे.

टाळ्या त्यानंतर जरूर वाजवाव्यात. दाद देण्यात आपला समाज कधीच कंजूष नव्हता.