सिस्टरची सही

परिचारिकेला औषध लिहून देण्याचा अधिकार द्या म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: शहराला डॉक्टर आणि खेड्याला सिस्टर, हा कुठला न्याय? २०१९मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२व्या कलमाने डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांनाही मर्यादित परवाना देऊ केला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला. भोंदूगिरीला कायद्याचं कवच मिळतंय, अशी त्यांची तक्रार होती. रुग्णाच्या काळजीपोटी आलेला आक्षेप आहे, तेव्हा तो जिथं रुग्ण आहे तिथंच तपासू.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी घ्या. सरकारी निकषानुसार ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र. उपकेंद्रावर एमबीबीएस डॉक्टर नेमायची तरतूदच मुळात नाही. म्हणजे आजूबाजूच्या वस्तीवरच्या माणसापुढे डॉक्टर की सिस्टर अशी निवड कधी आलीच नाही. सिस्टरने हात आखडता घेतला, तर तो मेडिकलच्या काउंटरवर जातो, नाहीतर कसलीही पदवी नसलेल्या इंजेक्शनवाल्याकडे. दुय्यम दर्जाची सेवा म्हणायचं तर या इंजेक्शनवाल्याच्या सेवेला म्हणा.

शिवाय सिस्टर औषध देतेच आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन, झटके येणाऱ्या गरोदर बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस ती देते. २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी, जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन टोचण्याचीही मुभा एएनएमला, म्हणजे याच सिस्टरला, दिली. त्याआधी गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हेच इंजेक्शन गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बायकांच्या हाती दिलं होतं. घरोघरच्या नवजात सेवेच्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. हात सुरक्षित आहेत की नाहीत, हा प्रश्न महाराष्ट्राच्याच मातीत सुटलेला आहे.

प्रशिक्षण अपुरं आहे, हा आक्षेप मात्र मी मान्य करते. छत्तीसगडमध्ये २०१०च्या सुमारास प्राथमिक केंद्रांवरच्या सेवेची तुलना झाली. त्यात तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. परिचारिका व इतर कर्मचारी मागे राहिले. पण याच निष्कर्षात उपायही आहे: ज्यांना त्या कामासाठी शिकवलं, ते टिकले. मग परिचारिकेलाही शिकवा, परीक्षा घ्या, वेगळी नोंदणी द्या. याच राज्याने २०१४मध्ये कायदा दुरुस्त करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट उघडली. आयुष्यभर तीच औषधं मोजून रुग्णाला देणाऱ्या, त्यांचे दुष्परिणाम खाटेशेजारी बसून पाहणाऱ्या बाईसाठी तेवढंही दार उघडू नये, याचं समर्थन मला कुणी करून दाखवावं.

जालन्यात आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, डॉक्टर वाढतील, असंही सांगतात. वाढोत, हवेतच. पण तिथून निघालेला डॉक्टर उपकेंद्रावर राहायला येईल, ही आशा कशाच्या जोरावर? महाराष्ट्रात आज इतकी कॉलेजं आहेत, त्यांनी कुठल्या उपकेंद्राला डॉक्टर दिला?

परिपत्रकांवर भागतंय तर कायदा कशाला, हा शेवटचा मुद्दा सर्वांत फसवा. आज उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या सिस्टरने रक्तदाबाची गोळी द्यायची ती वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी सुरू केलेली. रुग्ण बिघडला, की ‘कुणाला विचारून दिलं?’ हा प्रश्न तिलाच. आसामने २००४मध्ये कायदा करून ग्रामीण आरोग्यसेवक घडवले. तो केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्या सेवकांना वाचवलं ते २०१५च्या दुसऱ्या, अधिकारांच्या सीमा नीट आखलेल्या कायद्याने. कच्चा कायदाच जिथं टिकत नाही, तिथं परिपत्रक काय टिकणार?

२०२३मध्येच संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. राज्याच्या पातळीवरही आयोग यावा, ही त्यातली अपेक्षा. आपल्याकडे १९६६चा परिचारिका कायदा आहेच. तेव्हा पुढच्या दुरुस्तीत प्रगत परिचारिकेची स्वतंत्र नोंदवही यावी. पात्रतेसाठी किमान सेवा आणि राज्याची परीक्षा असावी. औषधांची यादी नावानिशी, दरवर्षी तपासली जाणारी असावी. कोणत्या लक्षणाला थांबायचं आणि १०८ बोलवायची, हेही त्यात लिहिलेलं असावं. वैद्यकीय अधिकाऱ्याने फोन उचलणं हे त्याचं कर्तव्य ठरावं, उपकार नव्हे. यादीत राहून दिलेल्या औषधाबद्दल तक्रार आली, तर ती आधी नर्सिंग परिषदेपुढे जावी. पोलीस ठाण्याची पायरी त्या सिस्टरला एकटीने चढावी लागू नये.