टायर घाटातल्या पावसासाठी घ्या, ट्रॅकसाठी नव्हे

स्वतःची मोटारसायकल किंवा कार घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे, शुल्क भरायचे आणि दिवसभर मनसोक्त पळवायची, ही ‘ट्रॅक डे’ची हौस आता पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-नाशिकच्या तरुणांमध्येही चांगली रुजली आहे. समोरून ट्रक येत नाही, कुत्रे आडवे जात नाही, वळणाबाहेर घसरलो तर सावरायला मोकळी जागा असते. एक्सप्रेसवेवर जीव टांगणीला लावून वेग अजमावण्यापेक्षा हे कितीतरी बरे. त्यामुळे हौसेला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. चिंता वाटते ती या हौसेच्या मागोमाग येणाऱ्या एका निर्णयाची. वर्षातून दोनदा-तीनदा ट्रॅकवर जाणारा माणूस त्या दोन-तीन दिवसांसाठी म्हणून मऊ रबराचे, जवळजवळ नक्षी नसलेले ‘सेमी-स्लिक’ टायर गाडीला चढवतो आणि उरलेले वर्षभर त्याच टायरवर कामाला जातो, घाट चढतो, पावसात फिरतो. हा हिशेब उलटा आहे. ट्रॅक आणि रस्ता या दोन्हींसाठी एकच टायर घ्यायचा असेल, तर तो रस्त्याकडे बघून, त्यातही ओल्या आणि थंड रस्त्याकडे बघून घ्यावा. ट्रॅकवर त्यामुळे जे दोन-चार सेकंद जातील ते जाऊ द्यावेत.

आधी साधी बेरीज करून पाहू. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची एक फेरी 3.717 किलोमीटरची. दिवसभरात चाळीस फेऱ्या मारल्या तरी दीडशे किलोमीटर होत नाहीत. पुण्याहून तिथवर जायचे अंतर मात्र जवळपास बाराशे किलोमीटर, आणि परत यायचे तेवढेच. म्हणजे जो गाडी चालवत ट्रॅकला जातो, तो दीडशे किलोमीटरच्या आनंदासाठी चोवीसशे किलोमीटर महामार्ग तुडवतो. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे घ्या किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट घ्या, गणित फारसे बदलत नाही. त्यात रोजच्या वापराचे वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर मिळवा. ज्या पृष्ठभागावर टायरचे नव्वद टक्क्यांहून जास्त आयुष्य जाणार, त्याला दुय्यम मानून उरलेल्या थोडक्यासाठी खरेदी करणे कुठल्याच दुकानदारीत बसत नाही.

पण हा मुद्दा नुसता किलोमीटरचा असता तर तो पैशांचा झाला असता. तो जिवाचा आहे, आणि त्याचे मूळ रबराच्या स्वभावात आहे. टायरचे रबर ठरावीक तापमानात रस्त्याला धरते. शर्यतीच्या वळणाचे रबर साधारण 80 ते 100 अंश सेल्सियसपर्यंत तापले की खरे काम करू लागते. म्हणूनच शर्यतीच्या पिटमध्ये टायरला विजेवर तापणारी गोधडी गुंडाळून ठेवलेली दिसते. रस्त्यावर कायदा पाळून चालवलेल्या गाडीचा टायर या तापमानाच्या जवळपासही टिकून राहत नाही. त्यातही मोटारसायकलची गंमत वेगळी आहे. सरळ महामार्गावर तास-दीड तास चालले की टायरचा मधला पट्टा कोमट होतो, पण ज्या कडांवर गाडी वळणात झुकते त्या कडा रस्त्याला लागलेल्याच नसतात, त्या गारच राहतात. मग डिसेंबरच्या सकाळी सातला पसरणी घाटाचे पहिले वळण येते आणि स्वार विश्वासाने गाडी झोपवतो ती नेमकी त्या गार कडेवर. मऊ टायर म्हणजे जास्त पकड, हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते. ते तापलेल्या टायरबद्दल खरे आहे. थंड रस्त्यावर तेच रबर ताठरते, आणि रोजच्या वापरासाठी बनवलेल्या साध्या टायरपेक्षाही कमी धरू शकते.

पावसाचे प्रकरण याहून गंभीर. ओल्या रस्त्यावर दोन गोष्टी लागतात, पाणी बाहेर फेकणारी नक्षी आणि गारव्यातही लवचिक राहणारे रबर. रस्त्याच्या चांगल्या टायरमध्ये यासाठी सिलिका घातलेली असते. सेमी-स्लिकमध्ये खाचा मुद्दामच कमी ठेवतात, कारण कोरड्या ट्रॅकवर जेवढे जास्त रबर टेकेल तेवढे चांगले. पाणी साचले की हाच गुण उलटतो, टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि हँडल हातात असूनही गाडी हातात राहत नाही. ज्यांचा धंदाच शर्यतीचा आहे ते काय करतात पाहा. फॉर्म्युला वनमध्ये पाऊस आला की जगातले सर्वोत्तम चालक पिटमध्ये येऊन टायर बदलतात. पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला सारतो, मधल्या प्रकारचा 30 लिटर. कोरड्याचा टायर गुळगुळीत असतो, त्यात पाण्याला वाटच नाही. निम्म्या मिनिटासाठी शर्यत हरणारे हे लोकसुद्धा एका टायरवर दोन्ही ऋतू काढत नाहीत. आणि आपण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताम्हिणी, वरंधा, आंबोलीतून जाणारे, ज्यांच्यामागे टायर बदलायला कुणी उभे नाही.

‘मी पावसात गाडी बाहेरच काढत नाही’ असे यावर हमखास उत्तर येते. ते प्रामाणिक असेल, पण महाराष्ट्रातला रस्ता फक्त पावसाने ओला होत नाही. ऑक्टोबरनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-सातारा पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांना चिकटून आलेली शेतातली काळी माती डांबरावर पसरते, आणि दवात भिजली की साबणासारखी होते. टँकर गळत जातो, दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालताना अर्धा रस्ता भिजतो, डिझेलचा एखादा ओघळ वळणावरच पडलेला असतो. वळवाचा पाऊस तर विचारून येत नाही. त्याच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत महिनोन्‌महिन्यांची धूळ आणि तेल वर येऊन रस्त्यावर जी साय धरते, तिच्यावर चांगला टायरही कसाबसा तग धरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रस्त्याच्या टायरवर ट्रॅकला जाणे धोक्याचे नाही का? जोरात चालवले तर तो तापून घसरणार नाही का? घसरेल, हे मान्य. रस्त्याचा टायर पाच-सात जोरकस फेऱ्यांनंतर तापून पकड सोडू लागतो. पण तो सांगून सोडतो, कमी वेगाला आणि हळूहळू. शिकणाऱ्याला याहून चांगला शिक्षक नाही. शर्यतीचा टायर खूप उशिरापर्यंत धरतो आणि सुटतो तेव्हा वेग इतका असतो की नवख्याला सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय पहिल्या काही ट्रॅक डेंना वेळ वाया जातो तो चुकीच्या जागी ब्रेक दाबल्याने, वळणाची रेषा चुकल्याने. टायर बदलून ते सुधारत नाही. टीव्हीएसच्या अपाचे आरआर 310 चेच पाहा. या गाडीला ‘ट्रॅक’ आणि ‘रेन’ असे दोन्ही मोड आहेत, तिच्यावर शर्यतीही होतात. तरी 2020 मध्ये कंपनीने ती दुकानात मांडताना तिला मिशेलिनचे ‘रोड 5’ टायर दिले, जे ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नावाजलेले आहेत. शर्यतीचा अनुभव असलेल्या कारखान्याने ग्राहकाच्या हाती देताना कोणती बाजू निवडली, हे यातून दिसते.

तिसरा आक्षेप पैशांचा. ज्याला खरोखरच दर महिन्या-दोन महिन्याला ट्रॅकवर जायचे आहे, लॅपचा वेळ कमी करायचा आहे, त्याने काय करावे? त्याने दुसरा संच ठेवावा, जमल्यास दुसऱ्या रिमवर, आणि गाडी टेम्पोने पाठवून टायर तिथेच चढवावेत. हा खर्च दुप्पट वाटतो, पण टायर दुप्पट झिजत नाहीत. ट्रॅकचा संच फक्त ट्रॅकवर झिजतो, रस्त्याचा रस्त्यावर. उलट मऊ टायर महामार्गावर नेला की त्याचा मधला पट्टा काही हजार किलोमीटरमध्ये सपाट होतो. ट्रॅकवर ज्या कडा लागतात त्या शाबूत आणि मध्य मात्र चपटा, अशा टायरवर गाडी झुकवताना मधेच अडखळते. म्हणजे महागाचा टायर दोन्हीकडून वाया. रिमचा खर्च खरा आहे, तो नाकारत नाही. तो परवडत नसेल तर एकच संच ठेवावा आणि तो रस्त्याचा, स्पोर्ट-टूरिंग वर्गातला असावा: मध्ये कडक आणि कडांना मऊ असे दोन रबर असलेला, सिलिकायुक्त, पुरेशा खोल नक्षीचा. ज्या गाडीला असे मापच मिळत नाही, तिला कारखान्यातून आलेला टायरच पुरे.

इथे सरकारकडूनही दुचाकीस्वाराला फारशी मदत नाही. ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना होणारा रोध (रोलिंग रेझिस्टन्स) आणि आवाज यांचे निकष 2022 मध्ये अधिसूचित झाले ते कार, बस आणि ट्रकच्या टायरसाठी. ज्याचा टायर तळहाताएवढाही रस्त्याला टेकत नाही, तो दुचाकीवाला त्यात नव्हता. त्याला आजही दुकानदाराच्या शब्दावर आणि मित्राच्या सल्ल्यावर चालावे लागते. हे निकष दुचाकीलाही लागू करावेत आणि ओल्या पकडीचा आकडा टायरवरच्या चिठ्ठीवर ठळक छापावा, ही मागणी ट्रॅकवाल्यांच्याही हिताची आहे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. विकत घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2325 असेल तर तो 2025 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुना पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण रबर कपाटात पडूनही कडक होते. आणि ट्रॅकवर टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून तिथे मुद्दाम कमी हवा ठेवतात. संध्याकाळी थकून, खुशीत परत निघताना ती तशीच राहून जाते. टायर निवल्यावर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा, आणि मगच महामार्गाला लागा.